पाच जणांच्या पॅनेलसमोर मुलाखत: तुम्ही बाहेर पडल्यावर आत काय बोललं जातं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कळव्याला राहता. रबाळे एमआयडीसीत लॅमिनेट (एकमेकांना चिकटवलेल्या थरांची फिल्म) आणि पाऊच बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं क्वालिटीत आहात. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री आणि वर पॅकेजिंगचा डिप्लोमा. महापेच्या एका मसाले कंपनीत असिस्टंट मॅनेजर क्वालिटी या जागेसाठी पुढच्या शनिवारी मुलाखत आहे आणि एचआरने फोनवर सांगितलंय की समोर पाच जण असतील. मागे एका ठिकाणी चौघांनी प्रश्न विचारले तेव्हा तुम्ही एकाकडेच बघत उत्तर देत राहिलात, दुसऱ्याने मध्येच अडवलं आणि सगळं विस्कटलं. इंग्रजीत अडखळायला होतं ही दुसरी काळजी. तयारी म्हणून सध्या यूट्यूबवर एमपीएससीच्या मॉक मुलाखती बघताय.

मी याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत क्वालिटीचं काम करत आले आणि बरीच वर्षं अशा पॅनेलवर तांत्रिक सदस्य म्हणून बसते. त्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

आधी त्या मॉक मुलाखती बघणं थांबवा. त्या वाईट नाहीत, पण त्यांचं गणित वेगळं आहे. बेलापूरला आयोगासमोर बसणाऱ्या उमेदवाराच्या हातात लेखी परीक्षेचे गुण असतात. राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, आणि मुलाखतीत त्याचं एकूण व्यक्तिमत्त्व पाहतात. जिल्हा, छंद, चालू घडामोडी, सगळं त्यात येतं. कारखान्यातल्या पॅनेलला तुमच्या छंदाशी फारसं देणंघेणं नसतं. सोमवारी सकाळी लाइनवर गडबड झाली तर ही बाई काय करेल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही दार लावून बाहेर पडलात की आत पाच-दहा मिनिटं बोलणं होतं. एचआर विचारते, "काय वाटलं?" आणि एकेक जण बोलतो. नोकरी बहुतेक वेळा तिथे ठरते आणि तिथे तुम्ही नसता. म्हणून तयारी करायची ती त्या दहा मिनिटांची. तुमच्या बाजूने बोलायला त्या पाचांपैकी प्रत्येकाकडे एक तरी ठोस गोष्ट असली पाहिजे. "बोलली छान" या शेऱ्याला आत काडीचं वजन नसतं. "हीटरचं तिने कसं शोधलं ते ऐकलंत ना, ती स्वतः मशीनपर्यंत जाते," या वाक्याला असतं. आणि हेही लक्षात ठेवा की चार जणांच्या गुळमुळीत 'ठीक आहे'पेक्षा एकाचा ठाम 'नको' भारी पडतो. त्यामुळे एकाला जिंकून भागत नाही. मागच्या वेळी तुमचं नेमकं तिथेच बिनसलं.

प्रत्येकासमोर एक कागद असतो. त्यावर पाच-सहा मुद्दे असतात, तांत्रिक ज्ञान, अडचण सोडवण्याची पद्धत, माणसं सांभाळणं, बोलण्यातली स्पष्टता असे, आणि प्रत्येकापुढे गुण. शेजारी शेऱ्याचा रकाना. बऱ्याच कंपन्यांत आता सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात. याला कारण आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात अशी ठरीव प्रश्नांची मुलाखत मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा माणूस कसं काम करेल याचा जास्त बरोबर अंदाज देते असं दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ती आकडेमोड पुन्हा तपासली, तेव्हा निवडीच्या सगळ्या पद्धतींत ठरीव मुलाखतच पहिल्या क्रमांकावर आली. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की समोरचा माणूस कागदावर बघून कोरडेपणाने प्रश्न वाचत असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. उत्तर चालू असताना मान खाली घालून कोणी लिहीत असेल तर तो बहुधा तुमच्या नावापुढे काहीतरी भरतोय. त्या शांततेत घाबरून बोलणं वाढवू नका. उत्तर संपलं की थांबा.

पाच जण कोण आहेत हे आधी कळलं पाहिजे. एचआरला आजच मेल करा: मुलाखतीला कोणत्या विभागाचे लोक असतील ते कळवलंत तर तयारीला मदत होईल. बहुतेक जण नावं नाही तरी पदं सांगतात. तुमच्या जागेसाठी साधारण असे असतील: एचआर, प्लान्ट हेड, प्रॉडक्शन मॅनेजर, कॉर्पोरेट क्वालिटीचे प्रमुख आणि परचेसचे कोणीतरी. परचेस का, तर त्यांचा पॅकेजिंगचा माल तुमच्यासारख्या कंपन्यांकडूनच येतो.

प्रत्येकाच्या मनात एक वेगळी भीती असते. क्वालिटी प्रमुखाला वाटतं, पॅकेजिंगमधून आलेली आहे, मसाल्यातलं हिला काय कळणार. प्रॉडक्शनवाल्याला वाटतं, आणखी एक माल अडवणारी आली. प्लान्ट हेडला ऑडिटच्या दिवशी आणि तो सुट्टीवर असताना सांभाळून घेणारं माणूस हवंय. परचेसवाल्याला सप्लायरच्या थापा ओळखणारं कोणी मिळालं तर हवंच आहे. एचआरला बघायचंय की तुम्ही टिकाल का, आणि सांगितलेली माहिती खरी आहे का. घरी वहीत पाच रकाने करा आणि प्रत्येकाच्या भीतीसमोर तुमच्या कामातली एक खरी घटना लिहा. परचेसचा रकाना तुम्ही सहज भराल, ती तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. लॅमिनेशननंतर पुरेसं क्युरिंग (थरांमधला गोंद पक्का होणं) न होऊ देता माल घाईने कसा पाठवला जातो, रेसिड्युअल सॉल्व्हंटचा, म्हणजे फिल्ममध्ये उरलेल्या द्रावकाचा, रिपोर्ट नेमक्या कोणत्या रोलचा असतो, मसाल्यातल्या तेलामुळे थर सुटायला कुठून सुरुवात होते, हे तुम्हाला आतून माहीत आहे. समोर बसलेल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे.

पण तिथे एक सापळा आहे. परचेसवाला सहज विचारेल, "सध्या तुम्ही कोणकोणत्या मसालेवाल्यांना माल देता? त्यांच्या पाऊचचं स्ट्रक्चर, म्हणजे थरांची रचना, काय आहे?" उत्साहात सांगून बसू नका. "सर, ग्राहकांची नावं आणि स्ट्रक्चर मला सांगता येणार नाहीत. तेलकट पावडरसाठी साधारणपणे कोणता थर का निवडतात ते सांगू शकते." असं म्हणणाऱ्या उमेदवाराबद्दल नंतर आत चांगलंच बोललं जातं, कारण उद्या ती त्यांचीही गुपितं अशीच सांभाळेल.

आता घटना सांगायची कशी ते जरा सविस्तर बघू, कारण नव्वद टक्के उमेदवार इथेच कमी पडतात असं माझं मत झालंय. प्रश्न ठरलेला असतो: एखादी गंभीर कस्टमर कंप्लेंट आणि तुम्ही ती कशी हाताळली. नेहमीचं उत्तर असं येतं: "सीलिंगची कंप्लेंट आली होती. आम्ही रूट कॉज अॅनालिसिस केलं, कॅपा दिला, टीमने मिळून प्रॉब्लेम सॉल्व्ह केला." (कॅपा म्हणजे चूक दुरुस्त करून ती पुन्हा होऊ नये म्हणून केलेली उपाययोजना.) यात चूक काही नाही, पण शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्यासारखंही काही नाही. कोणी केलं हेसुद्धा कळत नाही. आपल्याकडे 'मी केलं' म्हणायला संकोच वाटतो, म्हणून चांगली माणसंसुद्धा 'आम्ही'च्या मागे लपतात. पॅनेलला मात्र एकाच माणसाला घ्यायचं असतं.

तीच गोष्ट अशी सांगून बघा. उदाहरण माझं आहे, तुम्ही तुमचं घाला. "ग्राहकाकडून पाऊच लीक होत असल्याची तक्रार आली. मी आमच्याकडचे राखून ठेवलेले नमुने काढून सील स्ट्रेंथ तपासली. सगळे कच्चे नमुने एकाच मशीनचे होते आणि पाऊचच्या एकाच बाजूला सील कमी भरत होतं. मशीनच्या डिस्प्लेवर तापमान बरोबर दिसत होतं, म्हणून ऑपरेटर म्हणत होता मशीन ठीक आहे. मी सरफेस प्रोबने सील करणाऱ्या बारवर तीन जागी तापमान घेतलं. एक टोक थंड होतं. बारमधल्या दोन हीटरपैकी एक बंद पडलेला आणि तापमान मोजणारं थर्मोकपल दुसऱ्या टोकाला, त्यामुळे डिस्प्लेला काही कळतच नव्हतं. हीटर मेंटेनन्सने बदलला. मी शिफ्ट सुरू होताना तीन जागी तापमान घ्यायची नोंद चेकलिस्टमध्ये घातली आणि हीटरचा करंट तपासणं पीएमच्या, म्हणजे मशीनच्या ठरलेल्या देखभालीच्या, यादीत घालून घेतलं. त्यानंतर त्या मशीनची अशी तक्रार आली नाही."

दीड मिनिटही लागत नाही. आणि बघा, यात पाचही जणांना काहीतरी मिळालं. क्वालिटी प्रमुखाला पद्धत दिसली. प्रॉडक्शनवाल्याला दिसलं की तुम्ही ऑपरेटरच्या डोक्यावर खापर न फोडता बारला हात घातला. प्लान्ट हेडला दिसलं की मेंटेनन्सकडून काम करून घेता येतं. अशा चार-पाच घटना पुरे होतात: एक तक्रारीची, एक ऑडिटची, एक माणसांशी वाजल्याची, एक तुमच्या सांगण्यावरून पद्धत बदलल्याची. प्रत्येकीत एक आकडा असू द्या, आणि तो असा की कोणी उलटसुलट विचारलं तरी सांगता येईल. किती किलो रिजेक्शन, किती जणांची शिफ्ट, तक्रार बंद व्हायला किती दिवस. आकडा आठवत नसेल तर "अंदाजे" म्हणा, पण फुगवू नका. पॅनेलमधला एक जण नेहमी मनातल्या मनात भागाकार करत असतो.

पॅनेलची खरी कसोटी लागते ती दोन विभागांच्या मधला प्रश्न येतो तेव्हा. एकाशी एक मुलाखतीत समोरच्याला रुचेल असं थोडं वळवून बोलता येतं. इथे प्रश्न एक विचारतो आणि चार ऐकत असतात. प्रॉडक्शन मॅनेजर विचारणार, जवळजवळ नक्की विचारणार: "ट्रक लागलाय, माल एक्सपोर्टचा आहे, संध्याकाळी शेवटच्या राउंडला दोन पाऊच लीक निघाले. काय कराल?" "सगळा माल होल्ड" म्हणालात तर तो नाराज. "अॅडजस्ट करून घेऊ" म्हणालात तर शेजारी बसलेल्या क्वालिटी प्रमुखाने तुमच्या नावावर तिथेच काट मारली. कोणाला खूश करायचं या विचारात उमेदवार घुटमळतो आणि ते घुटमळणं पाचही जणांना दिसतं.

असा प्रश्न आला की कोणाची बाजू घ्यायची हे डोक्यातून काढा आणि जागेवर काय केलं असतं ते क्रमाने सांगा. "लोडिंग थांबवते. मग शेवटची लीक टेस्ट ओके कधी आली ते रेकॉर्डमध्ये बघते. त्यानंतर पॅक झालेले बॉक्स संशयित, ते वेगळे काढून टॅग लावते. त्याआधीचे बॉक्स, जास्तीचे नमुने घेऊन ओके आले तर, जाऊ शकतात. किती बॉक्स मोकळे आणि किती अडकले हे लोडिंग सुपरवायझरला लगेच सांगते, म्हणजे ट्रकचं काय करायचं ते त्यांना ठरवता येईल. संशयित माल फेरतपासणीशिवाय माझ्या सहीने जाणार नाही." मालही अडवला आणि प्रॉडक्शनला वाटही काढून दिली. प्रॉडक्शनवाला चिडून पुढे ढकलेल, "आणि प्लान्ट हेडने सांगितलं सोडा म्हणून?" प्लान्ट हेड तिथेच हसत बसलेले असतील. आवाज न चढवता सांगा: "धोका काय आहे ते मी सरांना लेखी कळवेन. त्यांच्या अधिकारातलं असेल तर डेव्हिएशनवर, म्हणजे नियमाला अपवाद केल्याच्या नोंदीवर, त्यांची सही घेईन. फूड सेफ्टीचा प्रश्न असेल तर क्वालिटी हेडना तेव्हाच फोन लावेन." मग थांबा. असा दाब मुद्दाम टाकतात. तुम्ही तिसऱ्या दाबाला उत्तर बदलता का ते त्यांना बघायचं असतं.

तुमची कच्ची बाजू म्हणजे फूड. ती लपणार नाही, मग आपणच अंगावर घेतलेली बरी. पुढच्या शनिवारपर्यंत मायक्रोबायोलॉजी शिकून होणार नाही, पण मसाल्याच्या क्वालिटीवाल्याची झोप कशामुळे उडते एवढं तरी कळलं पाहिजे. मिरचीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, तिखटात सुदानसारखे बंदी असलेले रंग, पावडरीत साल्मोनेला हे जिवाणू, कीटकनाशकांचे अंश. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या जंतू मारायला वापरल्या जाणाऱ्या रसायनावरून कारवाई केली होती, ते प्रकरण नीट वाचून जा. एक्सपोर्ट करणाऱ्या मसाले कंपनीत हा विषय निघतोच. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामकाचे २०१८ चे पॅकेजिंगचे नियम तुम्हाला माहीत असतीलच, २०२० चे लेबलिंगचे चाळून घ्या. हॅसेप (अन्नातले धोके कुठे आहेत ते आधीच ओळखून आवरण्याची पद्धत) म्हणजे काय हे व्याख्येसारखं पाठ करून सांगू नका. मिरची पावडरची लाइन कागदावर काढा, कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत, आणि कुठे काय धोका आहे ते स्वतःच्या डोक्याने लिहा. मेटल डिटेक्टर कुठे, चुंबक कुठे, निर्जंतुकीकरण कुठे. चुकलं तरी चालेल. "मी फूडमध्ये काम केलेलं नाही, पण तुमची लाइन अशी असेल असं समजून मी विचार करून आले आहे," असं म्हणत तो कागद पुढे केलात तर ज्याला तुमच्याबद्दल सर्वांत जास्त शंका होती तोच माणूस पुढची दहा मिनिटं तुम्हाला शिकवायला लागेल. हे मी अनेकदा होताना पाहिलंय.

बाकी जे माहीत नाही त्याला सरळ माहीत नाही म्हणा. त्याला जोडून, करायची वेळ आली तर सुरुवात कुठून कराल ते एका वाक्यात सांगा. चाचपडत बोलत राहिलेला उमेदवार आतल्या दहा मिनिटांत कोणाच्याच लक्षात चांगल्या कारणाने राहत नाही.

इंग्रजीचं सांगते. या पट्ट्यातल्या पॅनेलमध्ये दोघे मराठी, एक गुजराती, एक दक्षिणेकडचा आणि एक उत्तरेचा असं मिश्रण सर्रास असतं. बोलणं इंग्रजीत सुरू होऊन हिंदीत घसरतं आणि मध्येच कोणीतरी मराठीत विचारतं, "कळव्यात कुठे राहता?" त्याला मराठीत एक वाक्य बोला, आणि पुढचं कामाचं उत्तर सगळ्यांना समजेल अशा भाषेत द्या. मराठी माणूस भेटला या आनंदात पाच मिनिटं मराठीत बोलत राहिलात तर उरलेले तिघे बाहेर पडतात आणि त्यांच्या कागदावर तुमच्याबद्दल काहीच लिहिलं जात नाही. इंग्रजी साधं ठेवा, वाक्यं छोटी. पाठ केलेलं इंग्रजी लगेच ओळखू येतं, कारण पहिल्या आडव्या प्रश्नाला ते कोसळतं. अडकलात तर "मे आय एक्सप्लेन धिस इन हिंदी?" असं विचारा. क्वालिटीच्या जागेसाठी याला कोणी हरकत घेतलेली मी तरी पाहिलेली नाही. ऑडिटरसमोर बोलावं लागतं म्हणून थोडं इंग्रजी लागतं, हे खरं आहे. म्हणून ती हीटरची गोष्ट तेवढी इंग्रजीत पाचदहा वेळा मोठ्याने बोलून बघा, आरशासमोर नको, घरातल्या कोणासमोर तरी. नुसत्या मनातल्या मनात केलेल्या सरावाने तोंड वळत नाही.

नजरेचा प्रश्न सोपा आहे. ज्याने विचारलं त्याच्याकडे बघून सुरुवात करा, मध्ये मुद्दा ज्याच्या विभागाचा असेल त्याच्याकडे बघा, शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे. दोघांनी एकदम विचारलं तर "मॅडमचा प्रश्न पूर्ण करते आणि सर, लगेच तुमच्याकडे येते" म्हणा, आणि खरोखर या. विसरलात तर तो माणूस विसरत नाही. यासाठी छोटी वही जवळ ठेवा, "टिपून घेतलं तर चालेल ना?" असं सुरुवातीलाच विचारून घ्या. पाच जण ओळख करून देतील तेव्हा बसलेल्या क्रमाने पदं लिहून घ्या. जो एक जण पूर्ण वेळ गप्प बसलेला असतो तो बरेचदा सर्वांत वरिष्ठ असतो.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की गाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडं यापासून सुरुवात करू नका. सध्या काय काम करता, त्यातलं सर्वांत जड काम कोणतं, आणि या जागेकडे का बघताय, एवढं सांगा. नोकरी का सोडताय याचं उत्तर ठरवून जा, आणि त्यात सध्याच्या साहेबांचं नाव येऊ देऊ नका. रबाळे, महापे, तुर्भे इथली क्वालिटीची माणसं एकमेकांना ऑडिटमधून, सप्लायरमधून ओळखतात. शनिवारी बोललेलं सोमवारी तुमच्या लाइनवर पोहोचू शकतं.

लग्न झालंय, मूल कधी, सासरचे सांभाळतील का, असे प्रश्न अजूनही येतात. यायला नकोत. वेतन संहिता, २०१९ नुसार नोकरी देताना स्त्री-पुरुष असा भेद करायला मनाई आहे, आणि चांगल्या कंपन्यांत एचआरच अशा प्रश्नाला आवर घालते. तुम्ही मात्र वाद न घालता तो प्रश्न कामाच्या वेळांवर आणा: "शिफ्टच्या वेळा आणि महिन्याला किती रात्रपाळ्या असतील ते सांगितलंत तर मला जमेल की नाही ते आत्ताच स्पष्ट सांगते. रात्रपाळीला ने-आण करायला गाडी आहे का?" यातून तुमची पूर्ण तयारी दिसते, आणि विचारणाऱ्यालाही जागेवर राहावं लागतं. घरच्यांची बाजू मांडत बसायची तुम्हाला गरज नाही.

पगार बहुधा एचआर वेगळा विचारेल. पॅनेलमध्येच विचारला तर सध्याचा खरा आकडा सांगा. सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतातच, आणि पीएफच्या यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवर, कुठे कधीपासून कधीपर्यंत होता ते दिसतं. अपेक्षा सांगताना सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांची गल्लत करू नका. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते.

शनिवारी सकाळी कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे, पुढे रिक्षा. एमआयडीसीतले प्लॉट नंबर सरळ क्रमाने सापडत नाहीत आणि रिक्षावाल्याला नंबरपेक्षा जवळच्या मोठ्या कंपनीचं नाव लागतं. ते आधीच विचारून ठेवा. गेटवर नोंद, फोटो ओळखपत्र, पास, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. त्या हिशेबाने पोहोचा.

कपड्यांबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. ही फूडची फॅक्टरी आहे, तुम्हाला शॉपफ्लोअरवर फिरवून आणतील अशी दाट शक्यता आहे. नेलपॉलिश काढून जा, बांगड्या आणि अंगठ्या घालू नका, अत्तर नको, बूट पुढून बंद असलेले हवेत, केस टोपीत बसतील असे बांधा. आत जाताना हात धुण्याच्या जागेपाशी लावलेल्या सूचना वाचा आणि न सांगता पाळा. सोबत आलेली व्यक्ती वर जाऊन हे सांगते. आणि फ्लोअरवर फिरताना पॅकिंग मशीनपाशी थांबा. सीलच्या जागेत पावडर उडतेय का, जॉ (सील दाबणारा भाग) साफ करायला ब्रश कोणता वापरतात, लीक टेस्टचं भांडं कुठे ठेवलंय. दोष काढायला जाऊ नका, विचारा: "सीलमध्ये पावडर अडकते त्यासाठी तुम्ही काय करता?" पाऊच तुमचा विषय आहे, एवढ्या एका प्रश्नातून ते त्यांना कळेल.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतील तेव्हा सुट्ट्या आणि प्रमोशन बाजूला ठेवा. ही जागा रिकामी का झाली, आणि पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय सुटलेलं तुम्हाला बघायचंय, हे दोन प्रश्न पुरेत. दुसऱ्या प्रश्नाला पाच जण पाच वेगळी उत्तरं देतात आणि त्यावरून तुम्हालाही कळतं की इथे यायचं की नाही. पॅनेलमधली माणसं आपसात कशी बोलतात, प्लान्ट हेड क्वालिटीवाल्याला बोलू देतो का, हे बारकाईने बघा. निवड तुम्हीही करताय.

घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी एचआरला चार ओळींचा मेल करा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलं असेल तर ते तिथे दोन ओळींत पूर्ण करा. आठवडाभर काही कळलं नाही तर एक फोन. आणि तोंडी "सिलेक्ट झालात" म्हणाले तरी ऑफर लेटर मेलवर येऊन, पद, पगाराची फोड आणि रुजू व्हायची तारीख त्यात तपासून होईपर्यंत रबाळेला राजीनामा देऊ नका. तुमचा नोटीस पीरियड किती आहे ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये आजच बघून ठेवा, कारण तो प्रश्न शनिवारी पहिल्या पाच मिनिटांत येईल.